सगळ्यांना विचारा, पण सगळे म्हणजे कोण?

शिळफाट्याच्या बाजूची चौदा गावं नवी मुंबई महापालिकेत असावीत की नसावीत, हा वाद आमच्या भागात वर्षानुवर्षं चालू आहे. १९९२ साली महापालिका सुरू झाली तेव्हा ही गावं तिच्यात होती. ‘कर नको, महापालिका नको’ म्हणत गावकरी रस्त्यावर उतरले आणि २००७ साली गावं वगळली गेली. पुढे पाणी, रस्ते, दवाखाना यांसाठी पुन्हा आत घ्या अशी मागणी उठली, सरकारने तसा निर्णयही घेतला. मग नवी मुंबईतून विरोध सुरू झाला, की या गावांच्या सोयींचा खर्च आमच्या करातून का?

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी संध्याकाळी या विषयावर बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, “एवढी भांडणं कशाला? मतदान घ्या आणि मोकळे व्हा.” पूर्वी मीही असंच म्हणायचो. पण मतदान घ्यायचं म्हणजे कोणाचं? फक्त चौदा गावांचं घेतलं, तर नवी मुंबईकर म्हणतील की पैसे आमचे आणि आम्हालाच विचारलं नाही. सगळ्यांचं एकत्र घेतलं, तर शहराच्या लाखो मतांत गावांची मतं कुठल्या कुठे वाहून जातील. आणि गावांचंच घ्यायचं ठरलं तरी चौदा गावांची मिळून एक मोजणी करायची, की गावागणिक वेगळी? प्रत्येक पद्धतीने वेगळं उत्तर येऊ शकतं, आणि प्रत्येक उत्तराला ‘लोकांचा कौल’ म्हणता येतं.

थेट लोकशाहीचा खरा गुंता इथे आहे. देश राज्याराज्यांचा मिळून बनलेला असेल, तर तो आणखी वाढतो.

आधी दोन शब्दांचे अर्थ

आपण नगरसेवक, आमदार, खासदार निवडतो आणि आपल्या वतीने निर्णय ते घेतात. ही प्रातिनिधिक लोकशाही. थेट लोकशाहीत एखाद्या प्रश्नावर लोक स्वतःच मत देतात आणि तेच निर्णय ठरतं. अशा मतदानाला सार्वमत म्हणतात. काही देशांत लोक ठरावीक संख्येने सह्या गोळा करून स्वतःचा प्रस्तावही मतदानाला आणू शकतात.

संघराज्य म्हणजे असा देश, जिथे वरचं सरकार आणि घटक राज्यं यांच्यात अधिकार वाटून दिलेले असतात, आणि ती वाटणी राज्यघटनेत लिहिलेली असते. भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड ही संघराज्यं.

आता हे दोन्ही एकत्र आणले की काय होतं, ते समजायला फार लांब जायला नको. ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्सचं फेडरेशन, म्हणजे तिथल्या सगळ्या सोसायट्यांची मिळून असलेली संस्था, बघा.

लाडवांच्या डब्यातलं मतदान

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सहा इमारती आहेत. एक टॉवर, त्यात ११२ फ्लॅट. बाकी पाच जुन्या, चार मजली, प्रत्येकी २० फ्लॅट. प्रत्येक इमारतीची सोसायटी वेगळी. लिफ्ट, पाण्याची टाकी, रंगकाम ज्याचं त्याने बघायचं. मुख्य गेट, आतला रस्ता आणि मधलं मैदान सामाईक, ते फेडरेशनकडे. म्हणजे हे छोटं संघराज्यच झालं.

काही वर्षांपूर्वी त्या मैदानाच्या निम्म्या भागावर पार्किंग करायचा ठराव आला. टॉवरमध्ये गाड्या जास्त. मैदान मात्र जुन्या इमारतींच्या खिडक्यांखाली, मुलंही तिथलीच खेळणारी. एका फ्लॅटला एक मत असं ठरलं. मेंटेनन्सच्या जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं आणि कोणाच्या तरी घरून आणलेल्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठी टाकायची. १६८ जणांनी मत दिलं. ९७ हो, ७१ नाही. ठराव पास झाला.

नियमाने बघितलं तर चूक काहीच नव्हती. पण पाचपैकी चार जुन्या इमारतींत बहुमत ‘नाही’चं होतं. त्या लोकांना वाटलं, आपल्याला विचारल्याचं नाटक झालं, कारण टॉवरने ठरवलं की आपण कितीही जण आलो तरी हरणारच. पुढचे आठ महिने कोणी फेडरेशनची वर्गणी वेळेवर भरली नाही. अखेर नियम बदलला. सामाईक जागेच्या ठरावाला एकूण मतांचं बहुमत हवं, शिवाय सहापैकी किमान चार इमारतींतही बहुमत हवं.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत दुरुस्तीसाठी हाच नियम आहे, हे मला नंतर कळलं. देशभरातल्या मतांचं बहुमत आणि सहापैकी किमान चार राज्यांतलं बहुमत. याला दुहेरी बहुमत म्हणतात. माणसं मोजायची आणि राज्यंही मोजायची.

स्वित्झर्लंडने हे कसं बसवलं

थेट लोकशाहीचं नाव निघालं की स्वित्झर्लंडचं नाव येतंच. १८४८ साली तिथलं आजचं संघराज्य उभं राहिलं. आज तिथे २६ प्रांत, चार भाषा, दोन मोठे धर्मपंथ, आणि संघराज्य होण्याच्या आदल्याच वर्षी प्रांताप्रांतांत झालेलं छोटं यादवी युद्ध. अशा देशात कोणालाही आपण गिळले जाऊ अशी भीती वाटणं साहजिक होतं.

तिथली व्यवस्था थोडक्यात अशी. संसदेने केलेला कायदा पटला नाही, तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवा, कायद्यावर सार्वमत होतं. हा हक्क १८७४ पासूनचा. राज्यघटनेत स्वतःहून काही घालायचं असेल, तर १८ महिन्यांत एक लाख सह्या जमवा. हा हक्क १८९१ सालचा, सह्यांचा आकडा मात्र पुढे वाढवलेला. कायद्यावरच्या सार्वमताला साधं बहुमत पुरतं. राज्यघटनेला हात लावायचा तर दुहेरी बहुमत लागतं.

हे कागदावरचं शोभेचं कलम नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्विस कंपन्यांना परदेशातल्या त्यांच्या कारभारासाठी, म्हणजे तिथल्या मानवी हक्कांच्या आणि पर्यावरणाच्या नुकसानीसाठी, जबाबदार धरण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. ५०.७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तरी प्रस्ताव पडला, कारण बहुतेक प्रांतांत बहुमत ‘नाही’चं होतं.

इथे कोणालाही प्रश्न पडेल की हा कसला न्याय. झुरिक प्रांताची लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर, उरी प्रांताची चाळीस हजारही नाही. प्रांतांच्या मोजणीत दोघांचं वजन सारखंच. म्हणजे तिथे उरीतल्या एका माणसाच्या मताला झुरिकवाल्याच्या मताच्या चाळीसपट किंमत. हा आक्षेप खरा आहे. दुहेरी बहुमताने लहानाचं रक्षण होतं, पण त्याच वेळी लहानाच्या हाती मोठ्याला अडवून धरण्याची चावी जाते. मला ही किंमत मान्य आहे, पण फक्त मूळ चौकट बदलायची असेल तेव्हा. कचरा किती वाजता उचलायचा या प्रश्नालाही असला नियम लावला, तर कुठलंच काम पुढे सरकणार नाही.

आणखी एक गोष्ट तिथे नीट केलेली आहे. प्रत्येक राष्ट्रीय मतदानाआधी मतदाराच्या घरी पोस्टाने एक पुस्तिका येते. प्रस्ताव काय आहे, सरकारचं म्हणणं काय, प्रस्ताव आणणाऱ्यांचं म्हणणं काय, हे सगळं त्यात असतं. वर्षातून चारदा मतदान होऊ शकतं, आणि मत देणं त्यांच्या रोजच्या आयुष्याचा भाग झालेलं आहे.

“लोकांना कळतं का?”

हा आक्षेप हमखास येतो. लोक स्वस्त आणि फुकटाच्याच बाजूने मत देणार, असं म्हणतात. २०१२ साली स्विस मतदारांपुढे सर्वांना वर्षाला सहा आठवड्यांची भरपगारी सुट्टी देण्याचा प्रस्ताव होता. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी तो फेटाळला. नोकऱ्यांवर आणि छोट्या धंद्यांवर काय परिणाम होईल, याचा विचार त्यांनी केला. २०२४ साली निवृत्तांना बारा महिन्यांच्या पेन्शनवर वर्षाला आणखी एक, तेरावं पेन्शन देण्याचा प्रस्ताव मात्र मंजूर झाला. म्हणजे लोक प्रश्न पाहून ठरवतात.

पण कॅलिफोर्नियाचा अनुभव पाहिला की मी जरा थबकतो. १९७८ साली तिथल्या मतदारांनी मालमत्ता कराला कायमची वेसण घातली. घराच्या किमतीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त कर नाही, आणि घर विकलं जाईपर्यंत कराच्या हिशेबातली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. त्या वेळी कर झपाट्याने वाढत होते, म्हाताऱ्या माणसांना घरं सोडावी लागतील अशी भीती होती. लोकांची तक्रार खरी होती. परिणाम असा झाला की एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांचा कर कित्येक पटींनी वेगळा, आधी घेतलेल्याला कमी आणि नव्याने घेणाऱ्याला जास्त. स्थानिक शाळांच्या पैशाचा मोठा भार राज्य सरकारकडे गेला, आणि त्याबरोबर निर्णयही वर गेले. लोकांनी मत कराबद्दल दिलं होतं, शाळांचा कारभार कोणी करायचा याबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आणि पैसा. २०२० साली त्याच राज्यात ॲपवरून गाड्या चालवणाऱ्यांना कर्मचारी मानायचं की नाही, यावर मतदान झालं. ‘मानू नका’ या बाजूसाठी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि त्या जिंकल्या. सह्या गोळा करायला माणसं पगारावर ठेवता येतात, जाहिराती विकत घेता येतात. थेट लोकशाहीत पुढारी बाजूला होतो हे खरं, पण त्याच्या रिकाम्या जागेवर थैलीवाला येऊन बसू शकतो. सह्यांसाठीचा आणि प्रचाराचा खर्च उघड करण्याची सक्ती नसेल, तर मी सार्वमताच्या विरोधातच मत देईन.

बहुमत अन्याय करू लागलं तर?

माझ्या मते सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे. आणि त्याचा दाखलाही स्वित्झर्लंडचाच आहे.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी पुरुषांच्या बरोबरीने मत दिलं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली. कारण तिथे हा हक्क द्यायचा की नाही हे सार्वमताने ठरणार होतं, आणि सार्वमतात मत देणारे सगळे पुरुष. १९५९ साली त्यांनी ‘नाही’ म्हटलं. अपेनझेल इनररोडन नावाचा छोटा प्रांत तर १९९० पर्यंत अडून राहिला. तिथल्या स्थानिक मतदानातून बायकांना वगळणं त्या वर्षी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद पाडलं. ज्याच्या हक्काचा प्रश्न आहे तोच मतदार यादीत नाही, आणि तरी त्याला लोकांचा कौल म्हणायचं.

२००९ साली नवे मिनार बांधायला बंदी घालण्याचा प्रस्ताव ५७.५ टक्के मतांनी मंजूर झाला. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार.

म्हणून काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नसतात. सोसायटीत पाण्याची वेळ मतदानाने ठरवता येते, पण तळमजल्यावरच्या एका घराचं पाणी तोडायचं असं मतदानाने ठरवता येत नाही, मग शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी हात वर केला तरी. मूलभूत हक्क आणि त्यांची राखण करणारं न्यायालय आधी पक्कं हवं. सार्वमत नंतर.

आपल्याकडे हे झालंय, आणि मराठी माणसाने ते जवळून पाहिलंय

भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. तरी १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, त्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. प्रश्न असा, की गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला.

या कौलातल्या तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

विलीनीकरणाची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आधीची विधानसभा निवडणूक जिंकलेला होता. निवडून आलेल्यांनाच ठरवू दिलं असतं तर गोवा महाराष्ट्रात आला असता. कौलात विलीनीकरण हरलं. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा जिंकला, दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांना तो पक्ष हवा होता, त्याची ती एक मागणी नको होती. निवडणुकीत सगळं गाठोडं एकदम घ्यावं लागतं. सार्वमतात गाठोडं सोडून एकेक वस्तू निवडता येते. थेट लोकशाहीच्या बाजूने याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, मत फक्त तिथल्या लोकांचं घेतलं. महाराष्ट्रातल्या कोट्यवधी मतदारांना त्या पेटीजवळ जाऊ दिलं नाही. दिलं असतं तर निकाल आधीच ठरलेला होता. बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्र ‘खेडं हा घटक धरा’ असं म्हणत आलाय, तेही याच कारणाने. घटक कोणता हे ठरलं की अर्धा निकाल ठरतो.

तिसरी गोष्ट तेवढी चांगली नाही. चिठ्ठीवर पर्याय दोनच होते. गोव्याचं स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय नव्हता. ते राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला. प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, ते यातून दिसतं.

एकावन्न टक्के म्हणजे कशाचे?

२०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं, ५१.९ टक्क्यांनी. हे टक्के मतदान करणाऱ्यांचे. एकूण मतदारांच्या हिशेबाने ते ३७ टक्क्यांच्या आसपास भरतात. ब्रिटन रूढ अर्थाने संघराज्य नाही, दुहेरी बहुमताची अटही नव्हती. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं आणि तरी स्कॉटलंडला बाहेर पडावं लागलं. ती सल अजून गेलेली नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातली दारूबंदीची पद्धत बघा. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्या तपासल्या जातात आणि गुप्त मतदान होतं. दुकान बंद करायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांच्या नाहीत. त्यामुळे बायका मजुरी बुडवून, लेकरू कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहतात, कारण घरी राहिलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. अट कडक आहे, कधी कधी ती अन्यायाची वाटते. पण एकदा ती पार झाली की निकालाला ‘मूठभरांचा’ म्हणायची कोणाची छाती होत नाही. सोसायटीच्या पुनर्विकासालाही आता एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, ती याच विचाराने.

मग आपल्याकडे देशभर सार्वमत हवं का?

माझं उत्तर, आज नको. आपल्याकडे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे आहे. संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते पाळलंच पाहिजे असं नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तरी २०१४ साली तेलंगण झालं. राज्यघटनेच्या काही मोजक्या दुरुस्त्यांना मात्र निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते, जीएसटीच्या वेळी ती घेतली गेली. अशा देशात साध्या बहुमताचं राष्ट्रीय सार्वमत आणलं, तर मोठी चार-पाच राज्यं बाकीच्यांचं भवितव्य ठरवतील, आणि नागालँड किंवा गोवा आमच्या जुन्या इमारतींसारखे मैदान हरून बसतील.

खालून सुरुवात मात्र करता येते, आणि ती झालेलीही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. गडचिरोलीतल्या मेंढा गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली.

शहरात राहणाऱ्या आपल्याला काय? महाराष्ट्रात २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांची सभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. नवी मुंबईत तर महापालिकेची मुदत २०२० साली संपल्यावर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. प्रतिनिधीही नाहीत आणि सभाही नाही, अशी ती वर्षं गेली.

चौदा गावांचं मला विचाराल, तर दोन पेट्या ठेवाव्यात. एक गावांची, मोजणी गावागणिक. एक शहराची. त्याआधी प्रत्येक घरात एक कागद जावा, ज्यावर कर किती वाढेल, पाणी कुठून आणि कधी येईल, शहरावर खर्च किती पडेल हे आकड्यांत लिहिलेलं असेल, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं असेल. दोन्ही पेट्यांत ‘हो’ आलं तरच पुढे जावं. एकात ‘नाही’ आलं तर अटी बदलून तीन वर्षांनी पुन्हा विचारावं.

आमच्या फेडरेशनची सभा येत्या सप्टेंबरात आहे, विषय सौर पॅनेलचा. सेक्रेटरींनी या वेळी सहा डबे मागवलेत आणि प्रत्येकावर इमारतीचं नाव चिकटवलंय.